तेरानंतरचं घर

शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा माझे दोन नियम होते. भिंत घासल्याशिवाय रंग लावायचा नाही, आणि चित्रात मोर्चा काढायचा नाही. पहिला नियम मुलांना आवडायचा, कारण पॉलिशपेपर घेऊन वर्गाबाहेर जायला मिळायचं. दुसऱ्याचं कारण कुणी विचारलं की मी डोळे वटारायचे. चित्र म्हणजे चित्र, त्यात घोषणा कशाला घुसडायच्या? घोषणा द्यायच्या तर मैदानात जा आणि घसा फोडा. एवढं बोलून मी फळ्याकडे वळायचे. तापट बाई म्हणून माझी ख्याती होती आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

निवृत्त झाल्यावर कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीतले आणि आजूबाजूचे हौशी लोक जमवून मी एक गट केला. दोघं बँकेतले, काही आयटीतले, एक दातांचे डॉक्टर. दर रविवारी सकाळी आम्ही भिंती रंगवायचो. पुलाखालचे खांब झाले, बसस्टॉप झाले, शाळेचं कुंपण झालं. स्वच्छतेच्या स्पर्धेचे दिवस आले की नवी मुंबईत रिकामी भिंत शोधून सापडत नाही. त्या वर्षी आमच्या वाट्याला एक गाव आलं.

गाव म्हणजे आमच्या सेक्टरच्या पाठीमागचं, शहर होण्याआधीपासूनचं आग्री लोकांचं गाव. मिठागरं गेली, भातखाचरं गेली, खाडी मागे सरली, पण घरं तिथेच राहिली. पंचवीस वर्षं मी त्याच्या शेजारी राहत होते आणि मासळी घेण्यापलीकडे कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा मी फक्त भिंती मोजल्या. गावदेवीच्या देवळापासून नाल्यापर्यंत एक वाकडीतिकडी गल्ली, तिच्यात बावीस घरं.

मे महिना होता, लग्नाचा हंगाम. या लोकांमध्ये घरात लग्न निघालं की सगळं घर रंगतं. जुनं सगळं पुसायचं आणि नव्याकोऱ्या भिंतीवर नवरानवरीची नावं, फुलं, मोर, हौस असेल तर त्यांचे चेहरेसुद्धा. त्यामुळे रंगाचे डबे घेऊन आलेल्या माणसाला तिथे कुणी अडवत नाही. उलट बायका खुर्च्या बाहेर काढायला लागल्या. "रंग लावायचाच हाय, तुमी लावा," असं म्हणून त्यांनी आम्हाला पन्हं दिलं. देवळाला लागून असलेल्या पहिल्या घराला टाइल्स होत्या, म्हणून ते सोडलं. शेवटच्याला नाल्याची ओल होती, तेही सोडलं. मधली वीस घरं आम्ही घासून, प्राइमर मारून, तीन रविवारांत रंगवून काढली. मी शिट्टी मारत फिरायचे. भिंत नीट घासली नसेल तर बँकेतल्या साहेबांनाही परत घासायला लावायचे.

गल्लीच्या मध्यावर धवलारणीचं घर होतं. धवलारीण म्हणजे आग्री लग्नातले विधी गाऊन पार पाडणारी बाई. भटजी येतो नंतर, आधी तिचं गाणं. ही सत्तरी ओलांडलेली, काडीसारखी बारीक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्या आणि पुढे ओटा, एवढ्यात ती एकटी राहायची. ओट्यावर मासळीची सुकट वाळत घातलेली आणि ही हातात काठी घेऊन मांजरांवर पहारा देत बसलेली. तिची भिंत मी स्वतःसाठी राखून ठेवली होती, कारण ती सगळ्यात मोठी आणि सरळ होती. पॉलिशपेपर लावला मात्र, ती ओरडली.

"धूल उरवू नको गो बाय! माजी सुकट हाय."

झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझाच नियम मोडला आणि न घासता थेट प्राइमर मारायला घेतला. दाराशेजारी लाल तैलरंगात एक आकडा लिहिलेला होता, वीतभर उंच, ओबडधोबड. असे आकडे गावातल्या बहुतेक घरांवर होते. पोलिओवाले लिहितात, डासांच्या फवारणीवाले लिहितात, त्यातलाच एखादा असेल असं मला वाटलं. तो नेमका माझ्या चित्राच्या मधोमध येत होता.

"आजी, हा आकडा ठेवायचा का?"

"मना काय वाचता येत नाय. काढ. बरा दिसंल तसा कर."

मी त्याच्यावर दोन हात मारले आणि वर एक निळी होडी काढली. शीड फुगलेलं, खाली खाडीचं पाणी, पलीकडे मिठाच्या राशी. हातून उतरलेलं माझं सगळ्यात चांगलं चित्र. म्हातारी ओट्यावरून खाली उतरली, पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिच्या नवऱ्याची अशीच होडी होती म्हणाली. होडीचा फोटो वर्तमानपत्रात आला. मी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला, अगदी दारातून दिसेल असा.

दसऱ्यानंतर एका सकाळी वॉचमनचा इंटरकॉम आला, खाली गावातले कुणीतरी आलेत. खाली उभा होता गावच्या समितीचा माणूस. पंचेचाळिशीचा, सगळे त्याला दादूस म्हणतात, म्हणून मीही दादूसच म्हणते. गावठाणातली घरं कायम करा म्हणून वीस वर्षं तो मोर्चे काढतोय, धरणं धरतोय, अर्ज लिहितोय. आम्ही रंगवत होतो तेव्हा तो उरणला बहिणीकडच्या लग्नात अडकला होता. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल होती.

"मॅडम, चला जरा," तो म्हणाला. "तुमचं चित्र बघायला सरकारी लोक येऊन गेले."

मी मूर्खासारखी खूश झाले. केस सारखे केले. गल्लीत पोचले तर होडीच्या शिडावर नोटीस चिकटवलेली.

मग त्याने सांगितलं. ते लाल आकडे फवारणीचे नव्हते. घरं कायम करण्यासाठी आदल्या हिवाळ्यात झालेल्या सर्वेक्षणाचे होते, आणि तो सर्वे व्हावा म्हणून या माणसाने सहा वर्षं चपला झिजवल्या होत्या. आता पडताळणीला माणसं आली, तर वीस घरांवर आकडाच नाही. शिवाय भिंती चकाचक. त्यांनी शेरा मारला, सर्वेनंतरची नवी बांधकामं. नव्या बांधकामाला शिक्षा एकच, पाडणं. कार्यालयाच्या यादीत नंबर आणि नावं होती, त्यावरच तो निर्धास्त राहिला होता, पण त्याचा काय उपयोग? गल्लीत सगळ्यांचं आडनाव एक, नावंही तीच तीच, आज्याचं नातवाला ठेवलेलं. कुठला नंबर कुठल्या घराचा, हे सांगणारी एकच गोष्ट होती, आणि ती आम्ही पॉलिशपेपरने घासून टाकली होती.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पण स्वभाव बघा! कबूल करायचं सोडून मी त्याच्यावरच उसळले. तुम्ही सांगायचं होतं, गावात कुणाला तरी माहीत असायला हवं होतं, आम्ही काय स्वप्नात बघणार होतो? ओट्यावर म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "तिला नको बोलू रं. मीच सांगला काढ म्हनून."

दादूस मला एक शब्दही बोलला नव्हता. त्या बाईने त्यालाच दटावलं, आणि माझा सगळा ताव उतरला. मी ओट्यावर बसले आणि भर गल्लीत रडले.

"रडून पोच मिळत नाय," दादूस म्हणाला. पोच म्हणजे अर्जावरचा शिक्का. त्याच्या फाइलीत वीस वर्षांच्या पोच तारखेवार लावलेल्या होत्या. "अक्षर चांगलं असेल ना तुमचं? बसा. प्रत्येक घराचा वेगळा अर्ज लागतो."

असा माझा चळवळीत प्रवेश झाला. रोज दुपारी मी गावदेवीच्या देवळात बसून अर्ज लिहायचे. चौतीस वर्षं फळ्यावर कमावलेलं अक्षर पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाला येत होतं. दादूस मजकूर सांगायचा. काय भाषा त्या माणसाची! एक शब्द जास्त नाही, एक शब्द रागाचा नाही. मी मध्येच काहीतरी झणझणीत सुचवायचे, तो मान हलवायचा. "मॅडम, हे वाचणारा पण नोकरीच करतो. त्याला सही करायला जागा ठेवा." मोर्चा म्हणजे घसा फोडणं असं समजणारी मी, त्याच्याकडून मी कमी बोलायला शिकले. निदान कागदावर तरी.

पण अर्जांनी आकडे परत येणार नव्हते. लोकांचे फोन तपासले. वऱ्हाडाचे शेकडो फोटो, पण भिंतीसमोर सगळे दाटीवाटीने उभे. एकाच फोटोत, नवरदेवाच्या फेट्याशेजारी, नऊचा आकडा दिसला. पहिल्या आणि शेवटच्या घरावरचे एक आणि बावीस शाबूत होते. तीन आकडे हातात आले, बाकीचे कसे लावायचे? गल्ली वाकडी. डावीकडून मोजलं तर नऊ जुळेना, उजवीकडून मोजलं तरी जुळेना. मी कार्ट्रिजच्या मोठ्या कागदावर सगळी गल्ली काढली, घर, ओटा, माड, नळ सगळं, आणि पेन्सिलीने आकडे टाकून खोडत बसले. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

एकदा मी असंच बोट फिरवत मोठ्याने मोजत होते, तेव्हा म्हातारी बाजूला तांदूळ निवडत होती. ती हसायला लागली.

"असा कोन जातं गो? त्याच्याकर नंतर जायाचा. आंधी समोरच्याला आवतन."

आवतन म्हणजे आवतण. या गावात हळदीच्या आधी धवलारीण गल्लीतून फिरत प्रत्येक घराला गाऊन बोलावते. देवळापासून निघायचं ते नाल्यापर्यंत, पण सरळ नाही. कुणाचा मान आधी, कोण कुणाचा थोरला भाऊ, तसं इकडून तिकडे, तिकडून इकडे. दादूस ताडकन उठला. सर्वेवाल्यांना गल्ली दाखवायला त्याचे वडील सोबत होते. आता ते नाहीत. आणि म्हातारा माणूस पाहुण्यांना दुसऱ्या कुठल्या वाटेने फिरवणार? आवतणाच्याच!

म्हातारीने तिथेच बसल्या बसल्या गायला सुरुवात केली. मी पेन्सिलीने मागे मागे गेले. नववं घर नेमकं फोटोतल्या नवरदेवाचं निघालं. बाई गं! दादूसने चक्क शिट्टी मारली. पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही. सगळे उठून नाचायला लागले, मीसुद्धा. इथेच आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. बावीसपर्यंत तेव्हाच ऐकायला हवं होतं.

दादूसच्या पोचांमुळे पंधरा दिवसांत फेरपडताळणी मंजूर झाली. साहेब आले, तरुण, सभ्य, घामाघूम. सोबत यादी घेऊन एक कारकून. दादूसने मांडणी केली, मी माझी गल्ली उलगडून धरली. साहेब म्हणाले, गाणं हा पुरावा होत नाही. दादूस म्हणाला, पुरावा म्हणून नका ऐकू, यादी हातात धरून ऐका. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग म्हणाले, चला.

म्हातारी नवं लुगडं नेसली होती. देवळापाशी हात जोडून तिने पहिल्या घराला हाक घातली. आवाज काय सांगू! इतक्याशा देहातून तो निघतो कुठून हे मला अजून कळलेलं नाही. "देवीच्या सावलीतल्या घरा, हळदीला ये," आणि पुढे त्या घरच्या मूळ माणसाचं नाव. कारकून यादीत बघायचा, मान डोलवायचा. दोन. तीन. चार, रस्त्याच्या पलीकडे. प्रत्येक दारात त्या त्या घरातली माणसं उभी. यादीतलं नाव आणि गाण्यातलं नाव एक झालं की दारातली बाई देवीकडे बघून हात जोडायची. नववं जुळलं तेव्हा साहेबांनी घामही पुसला नाही, ते नुसते ऐकत होते. तेरावं झालं. चौदावं घर तिचं स्वतःचं.

ती त्या घरावरून तशीच पुढे गेली आणि पंधरावं गाऊ लागली.

कारकून म्हणाला, "साहेब, चौदा?"

गाणं थांबलं. साहेबांनी भिंत बघितली, होडी बघितली, ताजा रंग बघितला. "आजी, या घराचं काय?"

"ते माजा हाय."

"मग गाण्यात का नाही?"

ती लाजली. खरंच, सत्तरीतली बाई नव्या नवरीसारखी लाजली. "आपल्या घराला आपूनच आवतन कसा देयाचा? वाईट दिसतंय ते."

तिच्या सासूनेही स्वतःचं घर कधी गायलं नव्हतं, सासूच्या सासूनेही नाही. बोलावणारी स्वतःला बोलावत नाही. गावाला हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. साहेबांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते, म्हणूनच त्यांना कठीण गेलं. म्हणाले, "तुमच्याच क्रमात हे घर नाही, तर मी काय लिहू?" दादूस फाइल उघडून एकेक पोच उलटायला लागला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मजकूर सुचत नव्हता. एकवीस घरं वाचत होती आणि ज्या बाईच्या तोंडाने ती वाचत होती, तिचंच तेवढं जात होतं.

आणि मला सुकट आठवली.

"पाणी आणा," मी ओरडले. शाळेत ओरडायचे तशीच. "बादली आणा, पॉलिशपेपर आणा! ही भिंत मी घासलेली नाही!"

पॉलिशपेपर कुठला मिळायला? कुणीतरी भांडी घासायचा तारेचा चोथा आणून दिला. मी होडीसमोर उभी राहिले. एक क्षण हात अडला, कबूल करते. एवढं चांगलं चित्र पुन्हा हातून व्हायचं नाही, हे मला माहीत होतं. मग भिंतीवर पाणी मारलं आणि घासायला लागले. आधी शिडाची कड गेली, मग निळा रंग ओघळून माझ्या कोपरापर्यंत आला. पांढरा प्राइमर मऊ पडून निघायला लागला. म्हातारी मागून ओरडत होती, "माजी होरी! होरी नको खराब करू गो!" मी ऐकलं नाही. खांदा भरून आला. साहेब म्हणाले, राहू द्या बाई. मी त्यांचंही ऐकलं नाही.

होडीच्या पोटातून आधी एक लाल उभी रेघ निघाली. एक. तिच्याशेजारी, हळूहळू, चार.

कारकुनाने यादीत चौदावं नाव मोठ्याने वाचलं. म्हातारीच्या नवऱ्याचं. तिने पदर तोंडाला लावला, कारण ते नाव बाहेरच्या माणसाच्या तोंडून तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. साहेबांनी फोनवर फोटो काढला, पंधरापासून बावीसपर्यंतचं गाणं यादीशी लावून घेतलं, मग ओट्यावर येऊन बसले आणि तिथेच पंचनामा लिहिला. दादूसने सहीसाठी जागा कुठे सोडायची ते त्यांना दाखवलं. मग पोच मागितली.

आता मला कुणी विचारतं, बाई, चित्र मोठं की चळवळ? मी म्हणते, मला काय विचारता, मी तर दोन्हीत नापास झालेली. कलेने समाज बदलतो वगैरे भाषणं मी ऐकते आणि मला तो तारेचा चोथा आठवतो. माझ्या सगळ्या चित्रांमधलं सगळ्यात कामाचं चित्र मी पुसलेलं आहे. आणि जे खरं कामाला आलं ते गाणं कुणी समाजासाठी म्हणून रचलंच नव्हतं. हळदीला शेजारी यावेत म्हणून रचलं होतं. त्या बाईने ते पन्नास वर्षं, स्वतःचं सोडून, एकही घर न चुकवता म्हटलं, आणि दादूसने वीस वर्षं एकही पोच न हरवता जपली. दोघांपुढे मी कान धरते. हॉलमधली फ्रेम मी उतरवली आणि तिथे गल्लीचा तो भोक पडलेला कागद लावला.

होडी परत काढून दे म्हणून म्हातारी मागे लागली होती. काढून दिली, तिच्याच भिंतीवर, पण चौदाला धक्का न लावता. सुकट आत ठेवायला लावली, आजूबाजूची भिंत घासली आणि मगच रंग उघडला.

पुढच्या मे महिन्यात गल्लीत लग्न निघालं. सकाळी आवतणाला मीही गेले, बायकांच्या घोळक्यात मागे. म्हातारी पुढे. एक, दोन, इकडे, तिकडे. तेरावं घर झालं. ती सवयीने मान खाली घालून आपल्या ओट्यावरून पुढे निघाली, आणि पाठीमागे एकही बाई हलली नाही. ती वळून बघायला लागली. तेव्हा सगळ्या जणींनी एका सुरात उचललं, "होडीच्या घरा, हळदीला ये," आणि तिच्या नवऱ्याचं नाव नव्हे, तिचं स्वतःचं नाव. माझा फाटका आवाज सगळ्यात वर लागला होता. म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग आवतण आलेल्या घरची बाई करते तसं तिने आपल्या दारात जाऊन, चौदाच्या आकड्याशेजारी उभं राहून, आम्हाला हात जोडले आणि म्हणाली, "येतंय गो. येतंय."